मोटारीसाठीं हवेचा पंप निवडतांना

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण म्हणतील, जन्मभर मुलांकडून पाढे घोकून घेणाऱ्या मास्तरानें मोटारीच्या पंपावर बोलावें, हें जरा चमत्कारिकच! शंका रास्त आहे. मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे; मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु हा विषय मीं आपण होऊन निवडलेला नाहीं. तो एका पहांटे रस्त्याच्या कडेला माझ्यापुढें येऊन उभा राहिला.

तीन वर्षांपूर्वीं थोरल्या बहिणीची प्रकृति एकाएकीं बिघडल्याचा निरोप रात्रीं उशिरां आला. मुलाची मोटार काढून आम्ही दोघे अंधारांतच निघालों. साठ-सत्तर किलोमीटर गेल्यावर गाडी एका बाजूस ओढूं लागली. उतरून पाहतों, तों मागचें डावें चाक बरेंच बसलेलें. खिळा बारीक होता. हवा हळूहळू जात होती. ती भरून घेतली असती, तर पुढचें गांव सहज गांठतां आलें असतें. डिकींत बॅटरीवर चालणारा एक सुबक पंप होता. पण आठ महिने तो कोणी चार्ज केलाच नव्हता. कळ दाबली, दिवा क्षणभर लुकलुकला आणि मावळला. स्टेपनी काढली, तर तिच्यांतहि हवा नाहीं! एका दूधवाल्याच्या टेंपोंतून मुलगा ती घेऊन गांवांत गेला व भरून परत आला. यांत दीड तास गेला. आम्ही रुग्णालयांत पोंचलों, तेव्हां आक्काची शुद्ध हरपली होती. ती पुन्हां आली नाहीं. तासाभरापूर्वींपर्यंत ती माझी वाट विचारीत होती, असें भाचीनें सांगितलें. पंप करणाऱ्याला मी बोल लावीत नाहीं. दोष आमचा होता. पण तेव्हांपासून हा धडा मीं नीट गिरविला आहे, व तोच आज आपणांपुढें ठेवतों.

सन १८८८ मध्यें बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसविले. तेव्हांपासून गाडीचा भार रबर वाहत नाहीं, रबरांत कोंडलेली हवा वाहते. हवा कमी असेल तर टायर दुमडत जातो, कडांनीं झिजतो आणि मुख्य म्हणजे तापतो. हमरस्त्यावर वेगांत टायर फुटण्याचें तें एक मोठें कारण आहे. हवा फाजील झाली, तर टायर मध्यभागीं झिजतो व रस्त्यावरील त्याची पकड उणावते. आपल्या गाडीला किती हवा हवी, तें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत लिहिलेलें असतें. लहान गाडीस तें साधारणतः ३० ते ३५ पौंड असतें. टायरच्या अंगावर छापलेला आंकडा हा कमाल दाबाचा. तो प्रमाण मानूं नये. मोजणी नेहमीं थंड टायरवर, म्हणजे गाडी तीनएक तास उभी राहिल्यावर करावी.

आतां पंपाची निवड. पहिला प्रश्न असा, कीं त्याला शक्ति कोठून मिळणार? पायानें दाबावयाचा पंप सर्वांत स्वस्त व बेभरंवशाचा नव्हे; मात्र वयस्कांस तो दमवितो. दुसरा प्रकार गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटांत वायर खोंचून चालणारा. हा वर्षभर पडून राहिला तरी हांकेला ओ देतो. त्या सॉकेटाचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यांतून १२० ते १८० वॉटपर्यंतच शक्ति मिळते. याहून दांडगा पंप थेट बॅटरीला चिमट्यांनीं जोडावा लागतो. तिसरा प्रकार स्वतःची बॅटरी बाळगणारा. वापरण्यास तो अत्यंत सोयीचा. पण दर महिन्यास तो पाहावा लागतो आणि उन्हांत तापलेल्या डिकींत ठेवल्यास त्याच्या बॅटरीचें आयुष्य घटतें. ज्याच्या घरीं अशी शिस्त नाहीं, त्यानें वायरचाच घ्यावा, असें माझें अनुभवाचें मत आहे.

दुसरा प्रश्न वेगाचा. खोक्यावर ठळक अक्षरांत "१५० पौंड" असें छापलेलें असतें. पण आपल्याला ३३ पौंडांपुढें जावयाचेंच नाहीं! पाहावयाचें तें हें, कीं मिनिटाला किती लिटर हवा येते. गणित सोपें आहे. लहान गाडीच्या टायरचें पोट सुमारें २५ लिटर धरा. दाब २० वरून ३३ पौंडांवर न्यावयाचा, तर बाहेरची सुमारें २२ लिटर हवा आंत जावी लागते. मिनिटाला ३० लिटरचा पंप हें काम कागदावर एका मिनिटाच्या आंत करील. प्रत्यक्षांत दाब वाढतो तसा त्याचा वेग मंदावतो व अधिक वेळ लागतो. शिवाय दाबलेली हवा तापते आणि पंपहि तापतो. म्हणून तो सलग किती मिनिटें चालवावा, हें माहितीपत्रकांत पाहावें. चारहि चाकें भरावयाचीं असल्यास मधून मधून त्यास विसांवा द्यावा.

तिसरी गोष्ट मापाची. ठरविलेला दाब येतांच आपोआप थांबणारा पंप घ्यावा; परंतु त्याच्या आंकड्यावर आंधळा विश्वास ठेवूं नये. एक चांगला स्वतंत्र गेज जवळ बाळगून ताडून पाहावें. नळी व वायर मिळून मागच्या चाकापर्यंत पोंचतात ना, हें दुकानांतच विचारावें. नळीचें तोंड व्हॉल्व्हवर आट्यांनीं घट्ट बसणारें असल्यास हवा कमी निसटते. अंधारासाठीं दिवा असावा.

वायरचा पंप चालवितांना इंजिन सुरू ठेवावें, मात्र बंद गॅरेजमध्यें कदापि नव्हे. आणि एक इशारा. पंप म्हणजे पंक्चरवाला नव्हे. टायरच्या बाजूस चीर वा फुगा दिसला, किंवा टायर बसलेला असतांना गाडी बरीच चालली असेल, तर हवा भरून पुढें जाण्याचें धाडस करूं नये, चाकच बदलावें.

श्रोतेहो, आमच्या घरीं आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं चार चाकें आणि पांचवी स्टेपनी तपासली जाते. नात गेज धरते आणि मी वहींत आंकडे लिहितों. दहा मिनिटांचें काम. पंप कितीहि उत्तम घ्या, त्याची आठवण ठेवण्याचें काम तो करीत नाहीं. तें आपल्यालाच करावें लागतें. एवढें सांगून आपली रजा घेतों. नमस्कार.