पहाऱ्याचा हक्क
न्यूयॉर्क महानगरातील ज्यू समाजसंस्था आणि माजी सैनिक संघटनांची साडेतीन शतके
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



एखादा समाज शासनाकडे काय मागतो, यावरून त्याची मानसिकता ओळखता येते. कोणी सवलत मागतो, कोणी अनुदान मागतो, कोणी संरक्षण मागतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका लहानशा वसाहतीत मूठभर निर्वासितांनी जी मागणी केली, ती यांपैकी कोणतीच नव्हती. रात्रीच्या वेळी तटावर उभे राहून पहारा देण्याचा हक्क त्यांना हवा होता.

त्या वसाहतीचे नाव न्यू ॲम्स्टरडॅम. आज तिला न्यूयॉर्क म्हणतात. ब्राझीलमधील रेसिफे हे बंदर डचांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेले, आणि धर्मचौकशीच्या भयाने तेथील ज्यूंना परागंदा व्हावे लागले. त्यांतील तेवीस जण १६५४ च्या सप्टेंबरात हडसन नदीच्या मुखाशी उतरले. वसाहतीचा डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याला ते नको होते. त्यांना घालवून द्यावे, असे त्याने कंपनीला कळविले. १६५५ मध्ये कंपनीने उत्तर धाडले की, त्यांना राहू द्यावे. मात्र त्यांच्यातील गरिबांचा भार कंपनीवर वा वसाहतीवर पडता कामा नये, तो त्यांनीच वाहावा. ही अट अपमानकारक होती. परंतु न्यूयॉर्कच्या ज्यू समाजाने पुढील पिढ्यांत रुग्णालये, अनाथाश्रम, कर्जसंस्था आणि सेवासंघ यांचे जे जाळे विणले, त्याचा आरंभ एका अर्थाने या अटीत आहे.

त्याच वर्षी स्टायव्हसंटने आणखी एक निर्णय घेतला. वसाहतीतील प्रत्येक सक्षम पुरुषाने नागरी सेनेत पहारा द्यायचा, हा नियम होता. ज्यूंना त्यातून वगळण्यात आले आणि त्याबदल्यात दरमहा पासष्ट स्टायव्हर इतका कर बसविण्यात आला. वरवर पाहता ही सूटच! थंडीवाऱ्यात उभे राहायला नको, पैसे भरले की काम झाले. पण आसर लेव्ही आणि याकोब बारसिमसन या दोघांनी त्यातील खोच ओळखली. जो पहारा देत नाही, तो या गावाचा नाही, तो केवळ भाडेकरू आहे, असा त्या कराचा अर्थ होता. नोव्हेंबर १६५५ मध्ये दोघांनी अर्ज केला : आम्हाला इतरांप्रमाणे पहारा देऊ द्या, नाहीतर कर माफ करा. अर्ज फेटाळला गेला. पटत नसेल तर हवे तिकडे निघून जा, असेही सुनावण्यात आले.

लेव्ही गेला नाही. १६५७ मध्ये त्याने नागरिकत्वाचा हक्क मागितला, तेव्हा आपण इतर नागरिकांप्रमाणे पहारा देतो, हाच त्याचा मुख्य दाखला होता. म्हणजे दोन वर्षांच्या अवधीत त्याने पहारा मिळविला होता. नागरिकत्वही त्याला मिळाले. आधी कर्तव्य मागायचे आणि त्याच्या बळावर हक्क मिळवायचा, हा क्रम या महानगराच्या ज्यू इतिहासात वारंवार दिसतो.

संघटनेचा उदय

पुढची दोन शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकाकडे वळू. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील एका उपाहारगृहात जर्मनीतून आलेले बारा ज्यू एकत्र जमले आणि त्यांनी 'बनै ब्रिथ' म्हणजे 'कराराचे पुत्र' ही संस्था स्थापन केली. विधवा, अनाथ, आजारी यांना साहाय्य हे तिचे पहिले कार्य. १८५८ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू बालकाला पोपच्या सत्तेने आईबापांपासून हिरावून नेले. घरातील मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता, एवढेच कारण! या घटनेने अमेरिकेतील ज्यू हादरले. विस्कळीत निषेधांचा उपयोग होत नाही, हे उमगून १८५९ मध्ये न्यूयॉर्क येथे विविध ज्यू मंडळींच्या प्रतिनिधींचे एक मंडळ स्थापन झाले. समाजाच्या वतीने एका आवाजात बोलण्याचा हा तेथील पहिला मोठा प्रयत्न होता.

त्या मंडळाची कसोटी लवकरच लागली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सैन्यातील धर्मोपदेशक एखाद्या ख्रिस्ती पंथाचाच असला पाहिजे, असे त्या वेळचा कायदा सांगत होता. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ पलटणीने मायकेल ॲलन या ज्यू शिक्षकाला उपदेशक निवडले होते; तक्रार झाली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. तेव्हा मंडळाने न्यूयॉर्कचे आर्नोल्ड फिशेल यांना वॉशिंग्टनला पाठविले. डिसेंबर १८६१ मध्ये ते अध्यक्ष लिंकन यांना भेटले. लिंकन यांनी म्हणणे ऐकून घेतले, आणि जुलै १८६२ मध्ये कायदा बदलला. आरडाओरड नाही, भीक नाही. सैनिकाच्या हक्कासाठी केलेली शिस्तबद्ध मांडणी एवढेच त्याचे स्वरूप होते.

आरोप आणि उत्तर

युद्ध संपले, हजारो ज्यू सैनिक घरी परतले, पण त्यांच्याविषयीचा जुना आरोप काही मेला नाही. ज्यू व्यापार करतो, तो लढत नाही, हा तो आरोप. आपल्या सैन्यसेवेत गणवेशातला एकही ज्यू पाहिल्याचे आठवत नाही, असे एका माजी सैनिकाने १८९१ मध्ये एका नामांकित नियतकालिकातून लिहिले. मार्क ट्वेनसारख्या सहृदय लेखकानेही १८९९ च्या आपल्या निबंधात या समजुतीला थारा दिला. पुढे युद्धखात्याची आकडेवारी समोर आल्यावर त्याने प्रांजळपणे दुरुस्ती केली, ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची.

या आरोपाला दोन उत्तरे मिळाली. पहिले सायमन वुल्फ या वकिलाचे. त्याने वर्षानुवर्षे खपून, पलटणीपलटणींचे दप्तर धुंडाळून, आठ हजारांहून अधिक ज्यू सैनिकांची नावे गोळा केली आणि १८९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दुसरे उत्तर संघटनेचे. १५ मार्च १८९६ रोजी यादवी युद्धातील अठ्ठ्याहत्तर ज्यू योद्धे न्यूयॉर्कमध्ये जमले. आता त्यांचे केस पिकले होते, अनेकांच्या अंगावर जखमांचे व्रण होते. त्यांनी स्थापन केलेली संघटना आज 'ज्यूइश वॉर व्हेटरन्स' या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय पातळीवर अखंड कार्यरत असलेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांच्या संघटनांत ती अतिशय जुनी गणली जाते. तिचे बळ धनात नव्हते. तिचे सभासद उभे राहिले की आरोप आपोआप खाली बसे, हेच तिचे बळ.

पहिल्या महायुद्धात सुमारे अडीच लाख ज्यू अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतून भरती झालेली सत्त्याहत्तरावी डिव्हिजन फ्रान्समध्ये लढली. ऑक्टोबर १९१८ मध्ये आर्गोनच्या अरण्यात तिचे सुमारे साडेपाचशे जवान जर्मन वेढ्यात सापडले. अन्न संपले, दारूगोळा संपत आला, मदतीसाठी पाठविलेले निरोपे एकामागून एक मारले गेले वा पकडले गेले. अशा वेळी ब्राँक्समधील एक न्हावी पुढे झाला. त्याचे नाव अब्राहम क्रोटोशिन्स्की. झारच्या सैन्यातील सक्तीची नोकरी टाळण्यासाठी तो पोलंडमधून पळून आला होता! तोच माणूस शत्रूच्या रांगांमधून सरपटत गेला आणि मदत घेऊन आला. जेथे माणूस म्हणून स्थान नव्हते, तेथून तो पळाला; जेथे ते मिळाले, तेथे प्राणावर उदार झाला.

या कथेचा उत्तरार्ध मात्र विसरून चालणार नाही. शौर्यपदक लाभलेला हा वीर काही वर्षे पॅलेस्टाइनमध्ये शेती करून न्यूयॉर्कला परतला, तेव्हा त्याच्यापाशी उपजीविकेचे साधन नव्हते. त्याची हलाखी प्रसिद्ध झाल्यावर अध्यक्ष कूलिज यांच्या आदेशाने त्याला टपालखात्यात नोकरी मिळाली. पदक पोट भरत नाही, हे सत्य सर्व देशांतील माजी सैनिकांना ठाऊक असते. रुग्णालयातील भेटी, निवृत्तिवेतनाचे अर्ज, विधवांची कागदपत्रे ही कामे माजी सैनिक संघटनांना का करावी लागतात, ते यावरून समजते.

१९३३ : मौन की मोर्चा?

या संस्थांची खरी अग्निपरीक्षा १९३३ मध्ये झाली. हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतील ज्यूंवर हल्ले सुरू झाले. काय करावे, यावर न्यूयॉर्कमधील संस्थांत तीव्र मतभेद झाले. १९०६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन ज्यूइश कमिटी आणि बनै ब्रिथ यांचे मत होते की, जाहीर निदर्शनांनी जर्मनीतील बांधवांचेच हाल वाढतील. शांतपणे सरकारमार्फत प्रयत्न करावेत. माजी सैनिकांना हे पटले नाही. मार्च १९३३ मध्ये त्यांनी जर्मन मालावर बहिष्कार पुकारला आणि २३ मार्चला न्यूयॉर्कच्या नगरभवनाकडे मोर्चा नेला. चारच दिवसांनी अमेरिकन ज्यूइश काँग्रेसने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रचंड सभा घेतली. रब्बाय स्टीफन वाइज तिचे सूत्रधार होते, आणि न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर, कॅथलिक ख्रिस्ती असलेले अल स्मिथ हेही व्यासपीठावरून बोलले.

१ एप्रिलला नाझींनी जर्मनीतील ज्यू दुकानांवर बहिष्कार घातला. मवाळांना वाटले, आपण सांगत होतो तेच झाले. पण नंतरच्या बारा वर्षांनी दाखविले की, मौन पाळल्याने नाझींची क्रूरता तसूभरही कमी होणार नव्हती. आणि हेही कबूल केले पाहिजे की, मोर्चा काढणाऱ्यांनाही साठ लाखांचा संहार थांबविता आला नाही. समाजाची संघटित शक्ती मोठी असते, पण ती सर्वशक्तिमान नसते. तरीही इशारा वेळेवर देणाऱ्यांत वृद्ध सैनिक आघाडीवर होते, ही नोंद इतिहासात राहिली आहे.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे साडेपाच लाख अमेरिकन ज्यू सैन्यात होते. त्यांतील सुमारे अकरा हजार कामी आले. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी ग्रीनलंडजवळ 'डॉर्चेस्टर' हे सैनिकवाहू जहाज बुडाले. त्यावरील चार धर्मोपदेशकांनी आपली जीवरक्षक जाकिटे इतरांना देऊन टाकली आणि एकत्र प्रार्थना करीत जलसमाधी घेतली. त्यांतील तिघे ख्रिस्ती होते. चौथे होते ब्रुकलिनमध्ये जन्मलेले रब्बाय अलेक्झांडर गुड. १८६१ मध्ये ज्या पदावर ज्यूला बसण्याची मुभा नव्हती, त्याच पदाचे हे सार्थक!

रणांगणावरून परतलेल्यांना नोकरीच्या जाहिरातींत आणि विद्यापीठांच्या दारात भेदभाव दिसत होता. त्याविरुद्ध अमेरिकन ज्यूइश काँग्रेससारख्या संस्थांनी कायद्याची वाट धरली. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वांशिक व धार्मिक भेदभावाविरुद्ध कायदा केला. अमेरिकेतील राज्यांत तो पहिला. त्याचा लाभ कृष्णवर्णीयांना आणि कॅथलिकांनाही झाला. स्वतःसाठी मागितलेला न्याय सर्वांसाठी मागितला, तर तो अधिक टिकतो.

उशिरा मिळालेला न्याय

टिबोर रुबिन हे हंगेरीतील ज्यू. माउटहाउझेनच्या छळछावणीतून १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांनी त्यांची सुटका केली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. ऋण फेडायचे म्हणून ते अमेरिकन सैन्यात गेले. कोरियात पकडले गेल्यावर तीस महिने युद्धकैदी होते. शत्रूने हंगेरीला परत पाठविण्याची तयारी दाखविली. त्यांनी नकार दिला. रात्री छावणीबाहेर निसटून ते अन्न चोरून आणीत आणि आजारी सोबत्यांना भरवीत. त्यांनी सुमारे चाळीस जणांचे प्राण वाचविले, असे सांगितले जाते. वरिष्ठांनी सर्वोच्च पदकासाठी शिफारस केली होती. पण ज्यूद्वेष्ट्या सार्जंटने कागद पुढे जाऊच दिले नाहीत. ब्रुकलिनचा लेनर्ड क्रॅव्हिट्झ कोरियात आपल्या तुकडीची माघार सुरक्षित व्हावी म्हणून मशीनगनवर एकटा थांबला आणि १९५१ मध्ये धारातीर्थी पडला. त्यालाही सर्वोच्च पदक नाकारले गेले. त्याचा बालमित्र पन्नासहून अधिक वर्षे त्यासाठी झगडत राहिला.

अखेर ज्यू सैनिकांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासण्याचा कायदा झाला. रुबिन यांना २००५ मध्ये, तर क्रॅव्हिट्झला मरणोत्तर २०१४ मध्ये सन्मान मिळाला. त्या २०१४ च्या समारंभात चोवीस सैनिकांचा गौरव झाला. त्यांतील अनेक जण लॅटिन अमेरिकन वंशाचे होते, एक कृष्णवर्णीय होता. ज्यूंसाठी उघडलेल्या कपाटातून इतरांच्याही दाबलेल्या फायली बाहेर आल्या.

आपल्याकडचा दाखला

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळणारा, मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज मुंबईच्या पलटणींत पिढ्यान्पिढ्या होता. मुंबईचे सर्वांत जुने सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे सैनिकी अधिकारीच होते. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी ते बांधले, अशी परंपरा सांगते. याच समाजातील व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन यांनी स्वतंत्र भारताच्या नौदलात मोठी कामगिरी बजावली. १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे आणि पुढे गोव्याचे राज्यपाल झालेले जनरल जेकब हे कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातले. येथे ज्यूंना पहारा देण्यासाठी अर्ज करावा लागला नाही, याचे समाधान वाटावे. आणि त्यांच्या सेवेची आठवण आपण कितपत ठेवली, हा प्रश्नही स्वतःला विचारावा.

न्यूयॉर्कच्या त्या माजी सैनिक संघटनेची सभासदसंख्या आता रोडावली आहे. महायुद्ध लढलेली पिढी काळाच्या पडद्याआड जात आहे, जुन्या शाखा एकमेकींत विलीन होत आहेत. पण २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा उपासकांची हत्या झाली, तेव्हा पहाऱ्याची गरज संपलेली नाही, हे सर्वांच्या पुन्हा ध्यानी आले. अनेक प्रार्थनामंदिरांच्या दारांशी आज पहारा असतो. स्मृतिदिनी मात्र उरलेसुरले वृद्ध योद्धे कबरस्तानात जातात आणि सहकाऱ्यांच्या थडग्यांवर लहानसे राष्ट्रध्वज रोवतात. हात थरथरतात, पण ध्वज सरळ उभा राहतो.

आसर लेव्हीने मागितलेला पहारा तो हाच. जो समाज आपल्या पहारेकऱ्यांची नावे लिहून ठेवतो, त्यांच्या विधवांची विचारपूस करतो आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या न्यायासाठी भांडतो, त्याला या भूमीवर तुझा अधिकार काय, असे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आणि कोणी केलेच, तर उत्तर द्यायला त्याची नोंदवही तयार असते.