कुंडल ते नैरोबी : तरुणांच्या हाती कारभार

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेले कुंडल स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होते. सामान्य माणसांच्या हाती कारभार देऊन त्यांना जबाबदारी शिकवण्याचे दोन प्रयत्न या भागात पाठोपाठ झाले.

पहिला राजाकडून आला. भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना लागू केली. तिच्यासाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी तिच्यासाठी खपून काम केले. गावांना निवडलेली पंचायत मिळाली, तिच्याकडे गावचा कारभार आला. पंचाने चूक केली तर जाब विचारायला शेजारीपाजारीच उभे असत.

दुसरा प्रयत्न भूमिगतांचा. ब्रिटिश राजवटीला समांतर कारभार चालवणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात मूळ धरले, तेव्हा कुंडल त्याचे मोठे ठाणे बनले. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत सहज शिरता येत नसे. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड त्या वेळी ऐन तारुण्यात होते. प्रतिसरकारचे सशस्त्र दल असलेल्या त्यांच्या तुफान सेनेत खेड्यापाड्यांतली पोरे तयार झाली. ७ जून १९४३ रोजी या सैनिकांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. या धाडसाच्या कथा आजही रंगवून सांगतात, पण खरी परीक्षा त्यानंतरची होती. हाती आलेला पैसा चळवळीचा आणि गोरगरिबांचा. त्यातला पैही घरी न्यायचा नाही, हा दंडक होता. प्रतिसरकारची न्यायमंडळे तंटे मिटवत, दारूला आळा घालत, कमी खर्चाची गांधी लग्ने लावून देत. निवाडा करणाऱ्याचे स्वतःचे वागणे चोख नसते, तर लोक त्याच्याकडे फिरकलेही नसते. या न्यायात तळपायांवर फटके देण्याची शिक्षाही होती. तिचे समर्थन आज करता येणार नाही.

औंधच्या प्रयोगात खपलेले आप्पासाहेब पंत पुढे १९४८ मध्ये भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले आणि १९५४ पर्यंत पूर्व आफ्रिकेत राहिले. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. तिथल्या भारतीयांनी गांधीजींच्या स्मरणार्थ उभारलेला निधी नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजच्या उभारणीला मिळाला. आजचे नैरोबी विद्यापीठ त्याच कॉलेजातून वाढले.

तरुणांच्या हाती कारभार देण्याचा प्रयत्न आज आफ्रिकेतही होतो. जोहान्सबर्गजवळ २००८ साली सुरू झालेल्या आफ्रिकन लीडरशिप अकादमीत अनेक देशांची सोळा ते एकोणीस वर्षांची मुलेमुली दोन वर्षे शिकतात. आवारात ती स्वतः छोटे उद्योग चालवतात. नफा-तोटा त्यांनाच निस्तरावा लागतो, आणि सचोटीचा धडा इथेच पक्का होतो. मात्र तिथे निवडक मुलांनाच प्रवेश मिळतो. आफ्रिकेतल्या साध्या सरकारी शाळांपर्यंत हे शिक्षण न्यायचे असेल, तर गावातल्या सगळ्यांना कारभारात ओढणारा औंधचा नमुना अधिक उपयोगी आहे. शाळेची बाग, वाचनालय, सहलीचा खर्च मुलांच्या निवडलेल्या पंचायतीकडे देता येतो, आणि महिनाअखेरीस जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवता येतो.