धार-देवासचे आकाश आणि संगणकावरील तारांगण



माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पवार घराण्याच्या या संस्थानांनी दोन शतके माळव्याच्या पठारावर मराठी भाषेला आश्रय दिला. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ पासून तो सर्व प्रदेश मध्य प्रदेश राज्यात आहे. परंतु या भूमीचा आणखी एक वारसा आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो वारसा आकाशाच्या गणिताचा आहे.

प्राचीन भारतीय ज्योतिषात रेखांश मोजावयाचा तो उज्जयिनीच्या रेषेपासून. त्या उज्जैनच्या दक्षिणेस, एका अंशाच्याही आत, धार व देवास ही दोन्ही नगरे वसली आहेत. धारानगरीचा राजा भोज याच्या नावावर ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ आहे. त्याचा आरंभकाल शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२ हा होय. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने उज्जैनला वेधशाळा उभारली. तिचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या काळात झाला. सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, दिगंश यंत्र ही तेथील दगडी यंत्रे आजही पाहावयास मिळतात.

आजच्या विषयाच्या दृष्टीने ‘करणग्रंथ’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. सिद्धांतग्रंथात ग्रहांचे गणित कल्पारंभापासून करावे लागे. ते प्रचंड आकड्यांचे काम सामान्य गणकाला झेपणारे नव्हते. म्हणून जवळचा एखादा शक आरंभ म्हणून घ्यावयाचा, तेव्हाची ग्रहस्थिती दिलेली असावयाची आणि तेथून पुढचे गणित थोडक्या नियमांत बसवावयाचे, ही करणग्रंथांची रीत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा ग्रंथ याच परंपरेतील. महाराष्ट्रातील पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच चालत आली.

ज्याला आज संगणकावरील तारांगण म्हणतात, ते तत्त्वतः एक नवे करणच आहे. त्यालाही एक आरंभकाल असतो, बहुधा इ. स. २००० चा आरंभ त्यासाठी धरतात. त्यातही ताऱ्यांची स्थाने कोष्टकांच्या रूपाने साठविलेली असतात आणि ग्रहांच्या गतीची सूत्रे दिलेली असतात. भेद इतकाच की, ज्या गणिताला गणकाचा सबंध दिवस लागे, ते येथे निमिषार्धात होते आणि उत्तर आकड्यांऐवजी प्रत्यक्ष आकाशाच्या चित्रात मिळते.

तारांगण म्हटले की घुमटाकार छताची इमारत डोळ्यांसमोर येते. असे आकाश दाखविणारे पहिले आधुनिक यंत्र जर्मनीत म्यूनिक येथे १९२३ साली लोकांपुढे आले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले, तर मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ सालचे. या संस्थांचे कार्य मोठेच आहे. तथापि मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावातील विद्यार्थ्याला तेथे जाणे वारंवार शक्य नसते. ही उणीव गेल्या पाव शतकात स्वेच्छेने काम करणाऱ्या काही जाणकारांनी दूर केली.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे ‘स्टेलॅरियम’. फाबियां शेरो या फ्रेंच तंत्रज्ञाने २००० साली त्याचा आरंभ केला आणि पुढे देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी ते वाढविले. त्याची १.० ही आवृत्ती २०२२ साली निघाली. मुळात सहा लाखांवर तारे त्यात आहेत. अधिक हवे असल्यास आणखी याद्या जोडता येतात. स्वित्झर्लंडच्या पॅट्रिक शव्हाले यांचे ‘कार्त द्यु सिएल’ दुर्बिणीच्या अभ्यासकाला उपयुक्त असे तक्ते काढून देते. ‘केस्टार्स’ हेही त्याच वर्गातील. यांपैकी कशालाही मूल्य पडत नाही. शिवाय ती ‘मुक्त’ आहेत, म्हणजे त्यांची आतील रचना कोणालाही तपासता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला देता येते. एकदा संगणकावर घेतल्यावर नेहमीच्या वापरास इंटरनेटची गरज राहत नाही. शाळेतील एक साधा संगणक त्यासाठी पुरतो.

मात्र पहिली गोष्ट करावयाची ती आपले स्थान नोंदविण्याची. धारचे अक्षांश सुमारे २२.६ अंश उत्तर व रेखांश ७५.३ अंश पूर्व. देवासचे अनुक्रमे सुमारे २२.९६ व ७६.०५. हे आकडे भरले की पडद्यावरील ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर येऊन स्थिरावतो. स्थान पॅरिसचेच राहिले, तर अगस्त्याचा तारा कधीच उगवणार नाही. धारच्या दक्षिण क्षितिजावर मात्र हिवाळ्यात तो पंधरा अंशांपर्यंत वर येतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे धारचा स्थानिक मध्यान्ह घड्याळाच्या सरासरी २९ मिनिटे मागे असतो व देवासचा सुमारे २६ मिनिटे. दोन गावांतील हा तीन मिनिटांचा भेद पडद्यावर स्पष्ट दिसतो.

ही दोन्ही नगरे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. धारला हा योग ५-६ जूनच्या सुमारास दुपारी साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी, तर देवासला ९-१० जूनच्या सुमारास १२ वाजून २५ मिनिटांनी येतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा येतो. पण तेव्हा बहुधा ढग असतात. संगणकावर दिवस व वेळ पाहावी आणि शाळेच्या पटांगणात काठी रोवून तिचा पडताळा घ्यावा. भूगोलाचा एवढा उत्तम पाठ दुसऱ्या कोणत्या साधनाने देता येईल?

काळामध्ये मागे जाण्याची सोय हे या साधनांचे दुसरे बळ. इ. स. १०४२ मधील धारेचे आकाश मागितले, तर आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे सहा अंश दूर दिसतो. अयनचलन म्हणजे काय हे त्या एका दृश्याने ध्यानी येते. १०५४ सालच्या जुलैत वृषभ राशीत अकस्मात तेजस्वी तारा प्रकटला आणि चिनी निरीक्षकांनी त्याची नोंद केली. आज त्या जागी कर्क तेजोमेघ आहे. जुन्या अतिनवताऱ्यांची यादी स्टेलॅरियममध्ये जोडलेली असल्याने तेही दृश्य पाहता येते. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ असा गेला व धार-देवासही त्यात होते. सकाळी सव्वासहानंतर, सूर्य फारसा वर आलेला नसताना, खग्रास अवस्था झाली. पावसाळी ढगांनी अनेक ठिकाणी लोकांची निराशा केली. ढगांआड राहिलेला तो देखावा आता कोणत्याही दिवशी पडद्यावर पाहता येतो. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण पश्चिम भारतात खंडग्रास आहे. आपल्या गावी ते किती वाजता लागते हे विद्यार्थ्याने स्वतः काढावे. ग्रहणाविषयीची अकारण भीती घालविण्याचा त्याहून खात्रीचा उपाय नाही. सूर्याकडे मात्र योग्य सौरचष्म्याशिवाय कधीही पाहू नये.

येथे एका धोक्याची सूचना अगत्याची आहे. करणग्रंथ कितीही उत्तम असला तरी काळ लोटला की त्याचे गणित व प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागते. म्हणून जुने ज्योतिषी वेध घेऊन ‘बीजसंस्कार’ करीत. ‘राजमृगांका’ची कीर्ती त्यातील बीजसंस्कारासाठीच आहे. उलट ग्रहलाघवाला पुढे असा संस्कार न झाल्याने पंचांगातील ग्रहस्थिती व आकाशातील ग्रह जुळेनासे झाले. हे पाहूनच केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. दोष ग्रंथाचा नव्हता; वर पाहावयाचे सोडून केवळ ग्रंथावर विसंबण्याचा होता.

संगणकाच्या बाबतीत हाच प्रसंग पुन्हा येऊ शकतो. धूमकेतू व कृत्रिम उपग्रह यांच्या कक्षांची माहिती वेळोवेळी ताजी केली नाही, तर पडदा चुकीची जागा दाखवितो. फार प्राचीन काळच्या ग्रहणांच्या वेळा पृथ्वीच्या परिवलनातील अनियमिततेमुळे नक्की सांगता येत नाहीत. तेजोमेघांची रंगीत चित्रे पडद्यावर मनोहर दिसतात; लहान दुर्बिणीतून मात्र बहुधा फिकट राखी धूसरपणाच दिसतो. हे आधी सांगितले नाही, तर नवशिक्याचा उत्साह पहिल्याच रात्री मावळतो.

त्याहून मोठा धोका असा की, पडद्यावरचे आकाश दिवसेंदिवस समृद्ध होत असताना डोक्यावरचे आकाश दिव्यांच्या झगमगाटात हरवत चालले आहे. देवास हे आज कारखान्यांचे नगर आहे. तेथील विद्यार्थ्याने पडद्यावर मोजलेले कृत्तिकांचे तारे गच्चीवरून मोजून पाहावेत आणि किती कमी भरतात याची नोंद ठेवावी. मग तीच नोंद मांडूच्या डोंगरावरील काळोखात करावी. या दोन आकड्यांतील अंतर हेच आपल्या रात्रीचे मोजमाप होय.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून व मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी अभ्यासकांना एकत्र आणीत आले आहेत. असे मंडळ गावोगावी निघण्यास आज साधनांची अडचण उरलेली नाही. एक संगणक, एक साधी द्विनेत्री व दहा उत्सुक मुले एवढ्यावर आरंभ होतो. सायंकाळी अर्धा तास पडद्यासमोर घालवावा, मग पडद्यावर रात्रीसाठीचा तांबडा प्रकाश लावून मुलांना अंगणात न्यावे. एकाने पडद्यावरील स्थान वाचावे, दुसऱ्याने ते आकाशात शोधावे, तिसऱ्याने वहीत टिपावे. जेथे मेळ बसणार नाही, तेथे कारण शोधावे. धारानगरीतील गणकांनी हजार वर्षांपूर्वी हीच शिस्त पाळली. त्यांना दिवसभर घासावे लागणारे गणित आज विनामूल्य हाती आले आहे. वेध घेण्याचे काम मात्र त्यांच्याइतकेच आजही आपल्याला स्वतः करावयाचे आहे.