अमेरिकेतील सत्तांतर आणि आपले रेशन
(सायखेडा येथे दिलेले भाषण)



अमेरिकेत कोण राष्ट्राध्यक्ष झाला याच्याशी गोदाकाठच्या मजुराला काय कर्तव्य, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाच्या राजीनाम्याची जी कारणे सांगितली, त्यांत परराष्ट्रधोरण हे एक होते. वर्षाच्या ३५० कोटी रुपये महसुलापैकी १८० कोटी लष्करावर जातात, हे मित्र न जोडल्याचे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परराष्ट्रधोरणाचा हिशेब गरिबाच्या घरापर्यंत आणून तपासावयाचा असतो. तो आज तपासू.

४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे तत्कालीन अन्नमंत्री स. का. पाटील व राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारतास मिळावयाचा होता. लोक त्याला दान समजत. कायद्याच्या दृष्टीने ती विक्री होती. किंमत डॉलरांऐवजी रुपयांत द्यावयाची, ही सवलत. तो पैसा अमेरिकेच्या खाती येथेच साठत गेला व १९७४ साली त्यातील मोठा भाग तिने सोडून दिला. त्या गव्हाला मी नावे ठेवणार नाही. भाव पडल्याची तक्रार ज्यांना शेत होते त्यांची होती. ज्यांना नव्हते, त्यांना धान्य विकतच घ्यावे लागे.

परंतु १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून थोड्या थोड्या मुदतीने धान्य सोडावयास आरंभ केला. शेतीचे धोरण बदला, ही अट. व्हिएतनामविषयी भारताने केलेली टीका, हा राग. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य आले खरे, पण पुढच्या जहाजाची खात्री कोणासही नव्हती.

परदेशी मदतीसाठी केनेडी यांच्या नव्या राजवटीने १९६१ साली यूएसएड ही संस्था उभारली. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अधिकारावर आले, आणि त्याच दिवशी विकासमदत ९० दिवस थांबविण्याचा व जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश निघाला. १ जुलै रोजी यूएसएडचे स्वतंत्र कामकाज संपले. २७ ऑगस्टला रशियाच्या तेलाचे निमित्त करून भारताच्या पुष्कळ मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. चीनला आवर घालावयाचा, तर या राजवटीला मित्र हवेत; आणि ज्याचा शब्द दर निवडणुकीस फिरतो, त्याच्याशी दीर्घ व्यवहार करताना शहाणा माणूस कचरतोच. तिच्यापुढील मोठी अडचण मला हीच दिसते.

जॉन्सनच्या गव्हासाठी तुम्हांला कोणत्याही कोर्टात दाद मागता आली नसती. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क आहे. हे धान्य सरकार हमीभावाने विकत घेऊन साठविते, आणि त्या खरेदीवर जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेची हरकत जुनी आहे. २०१३ च्या बाली परिषदेत या साठ्यास तात्पुरते संरक्षण मिळाले; कायमचा तोडगा निघालेला नाही.

तेव्हा भारत-अमेरिका व्यापाराच्या वाटाघाटींची बातमी वाचाल, त्या दिवशी द्राक्षांचे व कांद्याचे काय झाले हे बागाईतदार विचारतीलच. तुम्ही आपल्या खासदारास पत्र लिहून या धान्यसाठ्याविषयी काय ठरले, ते लेखी विचारा.