'ठीक' लिहायच्या आधी थांबा: घरतपासणीच्या धंद्यात मी खाल्लेला मार

जुन्या जालन्यातून बोलतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, घरातच रेकॉर्डिंग चालू आहे.

सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो. शनिवार-रविवार मी आणि माझा मामेभाऊ, तो सिव्हिल डिप्लोमावाला, लोकांची घरं तपासतो. फ्लॅटचा ताबा घ्यायच्या आधी, नाहीतर जुनं घर घ्यायचं ठरलं की इसार द्यायच्या आधी, आम्ही जाऊन काय बरं आहे, काय बिघडलंय ते बघतो, फोटोसकट रिपोर्ट देतो आणि फी घेतो. पुण्या-मुंबईत हे आता लोकांना माहीत झालंय. आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घर बघायचे पैसे?" वास्तुशास्त्रवाल्याला आनंदाने देतात बरं का. अर्थिंग आहे का, हे बघणाऱ्याला द्यायचं म्हटलं की घासाघीस.

सामान फार लागत नाही. ओल मोजायचं मीटर, प्लगमध्ये घालून अर्थिंग बघायचा टेस्टर, टॉर्च, लेव्हल, फरशी वाजवून बघायला एक छोटी हातोडी. फरशीखाली पोकळी असली की आवाज बद्द येतो, एका दिवसात कान तयार होतो. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतायचं आणि ते नाहणी ट्रॅपकडे जातंय का दाराकडे, ते बघत उभं राहायचं. हे सगळं शिकता येतं. मी मार खाल्ला तो दुसरीकडे.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक काका, एसटीतून रिटायर झालेले, आलेल्या पैशातून वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. एप्रिल महिना. आता जालन्यात एप्रिलमध्ये पाण्याची काय गत असते ते मी काय सांगू, नळाला कधी पाणी येईल त्यावर घराचं वेळापत्रक ठरतं. गच्चीची तपासणी नीट करायची तर पाणी जायचे पाइप बंद करून दोन इंच पाणी किमान २४ तास साठवावं लागतं. पाचशे चौरस फुटांची गच्ची धरा, जवळपास २४०० लिटर झालं. टाकी कोरडी. टँकर मागवा म्हणायला मला लाज वाटली. गच्ची वरून छान दिसत होती, तडा नव्हता, उतार बरा होता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'गच्ची: ठीक'.

जुलैत काकांचा फोन. "अरे इंजिनीअर, बेडरूममध्ये वरून पाणी टिपकायलंय."

गळती झाली हे एक दुःख. खरं दुःख पुढे. काका बिल्डरकडे गेले, तर त्याने माझाच रिपोर्ट पुढे केला. "तुमच्याच माणसाने ठीक लिहिलंय की. म्हणजे नंतर तुम्ही काहीतरी केलं असणार." ज्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले, त्याच्या विरोधात माझा कागद वापरला गेला. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

कोडिंग करणाऱ्यांना एक गोष्ट लगेच कळेल. 'नल' आणि 'ट्रू' एक नसतात. तपासलंच नाही ती रकाना रिकामी राहते, तिथे बरोबरची खूण करत नाहीत. नोकरीत मी हीच चूक दुसऱ्याच्या कोडमध्ये शोधतो आणि घर तपासताना स्वतः केली. का केली? कारण 'तपासता आलं नाही' लिहिलं तर फी कशाची घेतली, असं ते म्हणतील ही भीती. नवीन धंद्यात ही भीती सगळ्यांना असते.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. फी परत दिली, त्यांनी घेतली. घ्यायलाच पाहिजे होती. मग सहीनिशी पत्र लिहून दिलं की त्या दिवशी पाणी नव्हतं, गच्चीत पाणी साठवून बघितलं नाही, 'ठीक' हा शब्द माझी चूक. मामेभाऊ म्हणाला, "हे पत्र गावात फिरलं तर धंदा बसला." मी म्हटलं बसू दे.

प्रकल्प महारेरात नोंदलेला होता. २०१६ च्या रेरा कायद्यातलं कलम १४ सगळ्यांनी वाचून ठेवा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. काकांनी फोटो, माझं पत्र आणि या कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला. थोडी बाचाबाची झाली, पण पाऊस उघडल्यावर वॉटरप्रूफिंग नव्याने झालं.

तेव्हापासून आमच्या रिपोर्टचं पहिलं पान 'काय तपासता आलं नाही' हे असतं. बंद खोली, कपाटामागची भिंत, कोरडी टाकी. आपलं गाव सळईचं, पण प्लास्टर झाल्यावर आत किती सळई आहे हे नुसतं बघून मी सांगू शकत नाही, तेही लिहितो. कॉलमला तिरका तडा दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा म्हणतो, स्वतः डॉक्टरकी करत नाही.

आणि पीडीएफ पाठवायच्या आधी फोन करतो. एका ताईंना आम्ही एकदम सत्तरेक दोषांची फाइल पाठवली होती. त्यात पुट्टीचा ओरखडा आणि अर्थिंग नसलेला गिझरचा पॉइंट एकाच रांगेत. त्या घाबरून घरच नको म्हणायला लागल्या. आता आधी बोलतो: हे जिवावरचं, हे पैशाचं, बाकीचं एका दिवसात होणारं. बहुतेक वेळा फोनवर काकूच जास्त प्रश्न विचारतात, आणि नेमके. मोरीत पाणी तुंबेल का, कूलर लावायला प्लग कुठे.

एक एजंट म्हणाला होता, महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं देतो, रिपोर्ट जरा मवाळ लिहीत जा. नाही म्हटलं. तेव्हा खिशाला टोचलं, हे पण सांगतो.

बरं, काकांचं राहिलं. दुरुस्ती झाल्यावर त्यांनीच फोन केला. "ये. यावेळी टँकर मी मागवलाय." पाइपांना बोळे लावले, गच्ची भरली, काकूंनी पोहे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून मीटर फिरवलं. बेडरूमची स्लॅब कोरडी. पाइपाजवळ एका कोपऱ्यात थोडी ओल दिसली, ती लिहिली. काकांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि या खेपेची फी टेबलावर ठेवली.