डागांची मोजदाद



साठी ओलांडलेल्या माणसाचा मेंदूचा एमआरआय काढला, की रिपोर्टात बहुधा एक वाक्य असतंच: 'वयोमानानुसार बदल'. डॉक्टर त्यावरून पुढे जातात, घरचे मात्र तिथेच अडकतात.

हे बदल म्हणजे मेंदूच्या श्वेतद्रव्यातले पांढरे डाग. एमआरआयमधल्या फ्लेअर प्रकारच्या चित्रात मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काळं दिसतं, म्हणून त्या पोकळ्यांच्या कडेचे डाग उठून दिसतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबानं बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हे त्यांचं एक मोठं कारण. डाग जास्त, तर पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही जास्त.

पण जास्त म्हणजे किती? 1987 पासून फाझेकास श्रेणी वापरात आहे. डॉक्टरांनी चित्र बघायचं आणि शून्य ते तीन यांपैकी अंक द्यायचा. झटपट काम, पण दोन वर्षांत डाग थोडे वाढले, तर दोनाचे दोनच राहतात! हातानं एकेक डाग रेखायचा, तर एका माणसाच्या चित्रांत कितीतरी वेळ जातो.

इथे संगणक कामाला येतो. चित्राच्या प्रत्येक बारीक ठोकळ्यापाशी तो ठरवतो, हा डाग की नाही, आणि शेवटी बेरीज मिलिलिटरमध्ये देतो. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली 'बियांका' ही प्रणाली ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पात हेच करते. खरी अडचण एमआरआयचं यंत्र बदललं की येते. अशा प्रणालींच्या 2017 मधल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शिकण्यासाठी 60 जणांची चित्रं दिली होती, परीक्षा मात्र 110 जणांवर. त्यांतली काही अशा स्कॅनरवरची, जे प्रणालींनी कधी पाहिलेच नव्हते. मला ही अट फार आवडली. दवाखान्यात तरी दुसरं काय होतं? तेव्हा पुन्हा एमआरआय काढताना जुनी सीडी बरोबर न्या, आणि जमलं तर यंत्रही तेच असू द्या.

अशा मोजणीचा उपयोग अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' या रक्तदाबाच्या चाचणीत दिसला. वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवलेल्यांचे डाग सुमारे चार वर्षांत 0.92 मिलिलिटरनं वाढले, 140 च्या खाली ठेवलेल्यांचे 1.45 नं. फरक जेमतेम दहा थेंबांचा, डोळ्यांना तो दिसला नसता. स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणात मात्र त्या चाचणीत दोन्ही गटांत खात्रीचा फरक आढळला नाही.