बंद घरांचा दंड कोणाकडून घ्यायचा?

2011च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, सुमारे 20 लाख. शहरांत मुंबईचा, जवळपास 4 लाख 80 हजार. गणना करणारा दारात गेला तेव्हा ज्यात कोणी राहत नव्हते आणि ज्याचा दुसऱ्या कशासाठी वापरही नव्हता, ते रिकामे घर, असा तो हिशेब. आकडे जुने झाले खरे; पण रात्री आठ वाजता हिंजवडीत किंवा घोडबंदर रस्त्यावर टॉवरांच्या खिडक्या मोजणाऱ्याला चित्र फारसे पालटलेले दिसणार नाही. यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे घर बंद ठेवणाऱ्याला दंड. कॅनडातल्या व्हँकुव्हरने 2017 पासून असा कर लावला. आधी घराच्या किमतीच्या 1 टक्का होता, पुढे 3 टक्क्यांवर गेला. मला या कराचे वावडे नाही. पण आपल्याकडे दंड आजही चालू आहे आणि तो भलत्याच माणसाकडून वसूल होतो, घर भाड्याने देणाऱ्याकडून.

गृहनिर्माण संस्थेचे महिन्याचे बिल पाहा. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्यात बिनभोगवटा शुल्काची, आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो त्याची, एक ओळ वाढते. संस्थांची मनमानी इतकी झाली होती की 2001 साली सरकारला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची कमाल मर्यादा घालावी लागली. फ्लॅटला नुसते कुलूप असेल तर ही ओळ नाही. पुणे महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकतकराच्या आकारणीत 40 टक्के सवलत देते. भाडेकरू ठेवला की ती गेली. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता करच माफ आहे, मग घर उघडे असो की बंद. आयकरात 2019च्या अर्थसंकल्पापासून दुसरे घरही स्वतःच्या वापराचे धरता येते, म्हणजे ते बंद ठेवले तर कल्पित भाड्यावर कर नाही. भाडे घेतले तर मात्र ठरलेल्या वजावटी सोडून उरलेल्यावर कर आहेच. आता हिशेब करा. 1 कोटीच्या फ्लॅटला महिना 25,000 भाडे धरले तरी वर्षाला 3 टक्के सुटतात. त्यातून देखभाल खर्च, दलाली, रंगरंगोटी आणि कर वजा करा. घराची किंमत वाढेल अशी आशा असणारा मालक म्हणतो, कशाला झंझट?

त्यात जुनी धास्ती आहे. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली आणि ती दशकानुदशके तिथेच राहिली. पुढे लिव्ह अँड लायसन्सवर घर देण्याची पळवाट निघाली, तर 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरू मानले. त्या वेळच्या भाडेकरूंना संरक्षण हवेच होते, हे मी नाकारत नाही. पण ‘एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही’ ही समजूत घरमालकांच्या तीन पिढ्यांत मुरली. 1999चा नवा कायदा बराच वेगळा आहे. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळते. कायदा बदलला, धास्ती राहिली; कारण निकाल किती दिवसांत लागेल याची खात्री कोणी देत नाही.

आता बंद घरांवरच्या कराला घेतले जाणारे आक्षेप. ‘माझे घर, मी बंद ठेवीन’ या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही. रस्ता, पाणी, मेट्रो सार्वजनिक पैशातून येतात आणि बंद घराची किंमत त्यांच्याच जोरावर वाढते. दुसरा आक्षेप वजनदार आहे. घरांची टंचाई मुख्यतः गरिबांची आहे. टॉवरमधले फ्लॅट भाड्याने निघाले म्हणून झोपडीतल्या कुटुंबाचे काय भले होणार? थेट काहीच नाही, हे मान्य करावे. त्यांच्यासाठी सरकारनेच परवडणारी भाड्याची घरे बांधायला हवीत. मात्र मध्यम पगाराच्या नोकरदाराला जवळ घर मिळाले, तर तो चाळीतल्या खोलीचे भाडे चढवायला जाणार नाही. तिसरी भीती इन्स्पेक्टरराजची. तिच्यावर उतारा विजेच्या मीटरचा. वर्षभर जवळजवळ न फिरलेला मीटर पुरेसा बोलका असतो. गणपतीला उघडणारे कोकणातले वडिलोपार्जित घर, वारसांच्या दाव्यात अडकलेली खोली, बिल्डरने ताबाच न दिलेला फ्लॅट यांना या करातून वगळलेच पाहिजे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी भाड्याने देणाऱ्यावरचे जादा शुल्क काढा, भाडेकरू ठेवला म्हणून जाणारी करसवलत चालू ठेवा, ताब्याचे दावे ठरावीक मुदतीत निकाली काढा. त्यानंतरही मोठ्या शहरात तिसरे, चौथे घर जो वर्षानुवर्षे कुलपात ठेवील, त्याच्यावर खुशाल कर लावा. पहिले पाऊल टाकायला विधानसभेची वाटही पाहावी लागत नाही. 10 टक्के ही बिनभोगवटा शुल्काची कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत ते शून्यावर आणण्याचा ठराव मांडा.